फोटोसिस्टिमवर एनएमआर: काय दिसतं, काय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: सायनोबॅक्टेरियातून (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंतून) फोटोसिस्टिम-२, म्हणजे उजेड वापरून पाणी फोडणारं प्रथिन-संकुल, शुद्ध करण्याची पद्धत बसली आहे, एका खेपेला आठ-दहा मिलिग्रॅम हाती लागतं. त्यावर एनएमआर (चुंबकात अणुकेंद्रकांचे रेडिओ-सिग्नल मोजण्याचं तंत्र) करून रचना काढता येईल का, उजेड पडल्यावर आत काय घडतं ते दिसेल का, आणि या सगळ्यासाठी ८०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर वेळ मिळवायची खटपट करावी का?

रचनेचं उत्तर नाही. उजेडाचं उत्तर हो, पण त्यासाठी नमुना वेगळा लागेल. आणि यंत्राचं म्हणाल तर उजेडातल्या प्रयोगाला २०० मेगाहर्ट्झचं जुनं, कमी ताकदीचं चुंबक ८०० पेक्षा सरस ठरतं. हे सांगितलं की बऱ्याच जणांना मी चेष्टा करतोय असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रचना आधी घेऊ. ती माहीतच आहे. जांभळ्या जिवाणूच्या अभिक्रिया केंद्राची (उजेडाने इलेक्ट्रॉन हलवणाऱ्या गाभ्याची) स्फटिकरचना १९८० च्या दशकाच्या मध्यावर आली आणि तिच्यासाठी डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८ चं नोबेल मिळालं. फोटोसिस्टिम-१ ची २.५ अँगस्ट्रॉमची रचना २००१ ची, फोटोसिस्टिम-२ ची १.९ अँगस्ट्रॉमची २०११ ची. आता क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने तर स्फटिक करायचीही गरज ठेवलेली नाही. या शर्यतीत एनएमआर उतरवण्यात काही अर्थ नाही.

उतरवायचं म्हटलं तरी अंकगणित आडवं येतं. एनएमआरला मिलिग्रॅमशी देणंघेणं नसतं, मोलशी, म्हणजे रेणूंच्या संख्येशी, असतं. एकेरी फोटोसिस्टिम-२ चं वजन साधारण ३५० किलोडाल्टन धरलं, तर १० मिलिग्रॅम म्हणजे २८-२९ नॅनोमोल. तेवढ्याच वजनाचं प्लास्टोसायनिन (इलेक्ट्रॉन वाहून नेणारं, तांबं असलेलं छोटं प्रथिन) घेतलं तर जवळजवळ एक मायक्रोमोल भरतं, म्हणजे तेहतीस-चौतीसपट. शिवाय फोटोसिस्टिम-२ च्या एका रेणूत अडीच हजारांवर अमिनो आम्लं, ३५ क्लोरोफिल, वर कॅरोटिनॉइड आणि मेदरेणू. या सगळ्यांचे सिग्नल त्याच चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात.

द्रावणातल्या एनएमआरची आणखी एक अट आहे: रेणू भराभर गडगडत राहिला पाहिजे. २० किलोडाल्टनचं प्रथिन साधारण १० नॅनोसेकंदांत आपली दिशा विसरतं, म्हणून त्याचे सिग्नल बारीक येतात. डिटर्जंटचा पट्टा गुंडाळलेल्या दुहेरी फोटोसिस्टिम-२ ला त्यासाठी शेकडो नॅनोसेकंद लागतात. सिग्नल रुंद होत होत पार्श्वरेषेत मिसळून जातो. १९९७ मध्ये व्यूथ्रिक यांच्या गटाने ट्रॉसी हे मोठ्या रेणूंचे सिग्नल बारीक ठेवणारं तंत्र आणलं आणि ही मर्यादा बरीच वर सरकली, ड्युटेरियमने (जड हायड्रोजनने) ती आणखी सरकवता येते. तरीही एवढ्या मोठ्या, डिटर्जंटमध्ये लोळणाऱ्या संकुलाचा अणू-अणू ओळखणं व्यवहारात होत नाही.

एनएमआर जिथे भाव खाऊन जातो ते प्रश्न निराळे आहेत. रंगद्रव्याच्या नेमक्या कोणत्या कार्बनवर इलेक्ट्रॉनची घनता जास्त आहे? हिस्टिडीनच्या दोनांपैकी कोणत्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसलाय? पटलात असताना प्रथिनाचा कोणता भाग हलतोय? दोन प्रथिनं क्षणभर भेटतात तेव्हा एकमेकांना कोणती बाजू लावतात? स्फटिकाच्या चित्रात यातलं फारसं काही दिसत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की ‘फोटोसिस्टिमवर एनएमआर करायचाय’ असं न म्हणता प्रश्न एका वाक्यात लिहा. त्या वाक्यावरून नमुना ठरतो, नमुन्यावरून लेबल (एनएमआरला दिसणारे समस्थानिक कुठे घालायचे ते), लेबलवरून चुंबक. उलट्या क्रमाने गेलेले प्रकल्प मी बरेच पाहिलेत; त्यात शेवटी सुंदर यंत्रावर घेतलेला, कशाचंच उत्तर न देणारा स्पेक्ट्रम उरतो.

क्षणभराच्या भेटींचा प्रश्न असेल तर द्रावणातला एनएमआर बिनधास्त वापरा. इलेक्ट्रॉन वाहून नेणारी प्रथिनं छोटी आणि पाण्यात विरघळणारी असतात. प्लास्टोसायनिन साडेदहा किलोडाल्टनच्या आसपास, फेरेडॉक्सिन अकराच्या. प्रयोग दिसायला साधा आहे. नायट्रोजन-१५ ने लेबल केलेलं प्लास्टोसायनिन नळीत घ्यायचं आणि एचएसक्यूसी स्पेक्ट्रम काढायचा: प्रोलिन सोडून प्रत्येक अमिनो आम्लाच्या मुख्य साखळीतल्या अमाइडचा एक ठिपका. मग सायटोक्रोम एफचा (प्लास्टोसायनिनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या प्रथिनाचा) विद्राव्य भाग थोडा थोडा घालत जायचा आणि दर वेळी तोच स्पेक्ट्रम पुन्हा घ्यायचा. बहुतेक ठिपके जागचे हलत नाहीत. तांब्याजवळच्या जलविरोधी टोकावरचे काही ठिपके मात्र हळूहळू सरकू लागतात, वनस्पतींच्या प्लास्टोसायनिनमध्ये आम्लधर्मी बाजूवरचेही. ठिपका फुटून दोन होत नाही, एकसंध सरकतो. याचा अर्थ भेट मिलिसेकंदापेक्षा पुष्कळ कमी वेळ टिकते आणि आपल्याला सुट्या व जोडलेल्या अवस्थेची सरासरी दिसते. किती घातल्यावर किती सरकलं याचा आलेख काढला की बंधनाचा स्थिरांकही मिळतो. इतक्या सैल जोडीचा स्फटिक करणं किती अवघड ते सांगायला नको.

याच्या पुढची पायरी सायटोक्रोम एफमधल्या लोहामुळे शक्य होते. ऑक्सिडीभूत अवस्थेत त्या लोहावर एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि तो शेजारच्या प्रथिनातल्या केंद्रकांचे सिग्नल किंचित ढकलतो. ही ढकल अंतराच्या तिसऱ्या घाताने घटते आणि दिशेवरही अवलंबून असते, त्यामुळे कोणता अणू लोहापासून कुठे आणि किती दूर आहे याचा हिशेब मांडता येतो. १९९८ मध्ये उबिंक आणि सहकाऱ्यांनी याच मापांवरून प्लास्टोसायनिन-सायटोक्रोम एफ जोडीची मांडणी काढली. त्यात तांब्याच्या जागी कॅडमियम घातलेलं प्लास्टोसायनिन वापरलं होतं, म्हणजे प्रयोग चालू असताना इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे जायला नको. तीनेक वर्षांनी फॉर्मिडियम लॅमिनोसम या सायनोबॅक्टेरियाच्या जोडीवर तसंच काम झालं, तेव्हा असं दिसलं की तिथलं प्लास्टोसायनिन कूस टेकवत नाही, डोकं टेकवतं. आम्लधर्मी बाजूचा तिथे सहभाग नाही आणि बंधनही बरंच सैल. काम तेच, भेटायची रीत वेगळी. नुसत्या दोन स्फटिकरचना शेजारी ठेवून हे कळलं नसतं.

इथली तांत्रिक काळजी म्हणजे धातूची अवस्था. ऑक्सिडीभूत तांबं आजूबाजूच्या प्रोटॉनचे सिग्नल इतके रुंद करतं की तांब्याला धरून बसणारी हिस्टिडीन, सिस्टेइन वगैरे साध्या स्पेक्ट्रममधून गायबच होतात. म्हणून अ‍ॅस्कॉर्बेट घालून, नळी आर्गॉनखाली बंद करून प्लास्टोसायनिन क्षपित (इलेक्ट्रॉन मिळालेल्या अवस्थेत) ठेवावं लागतं. नळीत निळी झाक दिसू लागली की समजा हवा शिरली. फेरेडॉक्सिनमध्ये लोह-गंधकाच्या गुच्छाभोवती हीच रड आहे, आणि तिथे लोहाच्या जागी गॅलियम घालून वाट काढतात.

पटलात रुतलेल्या उपएककांचं काय? छोटे एकेरी तुकडे सेंद्रिय द्रावकात विरघळवून त्यांची एनएमआर रचना काढलेली आहे. मी अशा रचनांकडे जरा संशयानेच पाहतो. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये हेलिक्स छान तयार होतो, पण तो शेजाऱ्यांशिवायचा हेलिक्स असतो. शेजारीच तर या संकुलांमध्ये महत्त्वाचे.

मोठ्या संकुलांना घन अवस्थेतला एनएमआर. नमुना छोट्या रोटरमध्ये (फिरत्या नळीत) भरून चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांचा कोन करून गरगर फिरवायचा. गडगडणाऱ्या रेणूला जे आपोआप मिळतं त्यातलं बरंचसं या फिरण्याने मिळतं. प्रथिनाचा आकार इथे आड येत नाही. रोटर जेवढा लहान तेवढा वेगवान: ४ मिलिमीटरचा १० ते १५ किलोहर्ट्झ, ०.७ मिलिमीटरचा १०० किलोहर्ट्झच्या वर. लहान रोटरमध्ये नमुना अर्ध्या मायक्रोलिटरइतकाच मावतो, पण प्रोटॉनवर सिग्नल घेता येत असल्याने तोटा बराच भरून निघतो.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ४ मिलिमीटरचा रोटर ८ किलोहर्ट्झने फिरतो तेव्हा भिंतीजवळ गुरुत्वाच्या जवळजवळ चार लाख पट ओढ असते. म्हणजे रोटर हा स्वतःच एक जबरदस्त सेंट्रिफ्यूज आहे. मोठी प्रथिनं त्यात भिंतीवर जाऊन बसतात, आणि काही जण मुद्दाम तसंच बसवून स्पेक्ट्रम घेतात. पण नमुना थायलॅकॉइड पटलांचा (प्रकाशसंश्लेषण ज्यांत चालतं त्या पटलांचा) असेल तर पाणी मध्ये, पटलं कडेला अशी फाळणी होते, आणि टोपण नीट बसलेलं नसेल तर पाणी निसटून नमुना वाळतो. दुसरं म्हणजे घर्षणाने आतलं तापमान दाखवलेल्यापेक्षा सहज दहा-वीस अंशांनी जास्त असू शकतं. पडद्यावर ५ अंश लिहिलंय म्हणून प्रथिन ५ अंशांवर आहे असं धरू नका. मिथेनॉल किंवा लेड नायट्रेटने मोजून घ्या.

आता लेबल. कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्का आणि नायट्रोजन-१५ तर ०.४ टक्क्यालाही पोचत नाही, तेव्हा खर्च इथे होतो. प्रकाशसंश्लेषी जिवांचं वैशिष्ट्य हे की त्यांना महाग ग्लुकोज लागत नाही. कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड किंवा बायकार्बोनेट आणि नायट्रोजन-१५ असलेलं नायट्रेट एवढ्यावर भागतं. पण बाटली हवाबंद हवी, नाहीतर हवेतला साधा कार्बन डायऑक्साइड शिरून लेबल पातळ होतं. क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाला अ‍ॅसिटेटवर वाढवता येतं आणि ते अंधारातही क्लोरोफिल बनवतं, म्हणून लेबल केलेलं अ‍ॅसिटेट हा सोयीचा रस्ता. अंधारात वाढवलं की हवेतला कार्बन शिरण्याची भानगडच उरत नाही. सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचा ग्लुकोज सहन करणारा वाण आहे, तिथे ग्लुकोज चालतं.

जाता जाता एक जुनी गोष्ट. प्रथिन एनएमआरमध्ये ड्युटेरियमचा वापर ज्या कामांनी सुरू झाला त्यातलं एक शैवालांवरचंच आहे. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत कॅट्झ आणि क्रेस्पी यांनी १९६० च्या दशकात शैवालं जवळजवळ शुद्ध जड पाण्यात वाढवून दाखवली, आणि १९६८ मध्ये त्यांना साधं ल्युसिन खाऊ घालून फक्त ल्युसिनच्या प्रोटॉनचे सिग्नल असलेली प्रथिनं मिळवली. आज मिथाइल गटांवर जे चालतं त्याचं बीज तिथे आहे.

पूर्ण लेबल केलेल्या नमुन्यात काय पाहायचं? क्लॅमिडोमोनासच्या एलएचसी-२ वर (उजेड गोळा करणाऱ्या अँटेना-संकुलावर) लायडनमध्ये अंजली पंडित यांच्या गटाने केलेलं काम वाचा. एलएचसी-२ च्या प्रत्येक एककात १४ क्लोरोफिल आणि ४ कॅरोटिनॉइड असतात, आणि जास्त उजेडात हेच संकुल ऊर्जा गोळा करायचं सोडून उधळायला लागतं. रचनेत नेमकं काय बदलतं हा वादाचा मुद्दा. स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक अणू सुटा होत नाही, पण दोन प्रकारे सिग्नल घेता येतो: क्रॉस पोलरायझेशनने घट्ट बसलेले भाग दिसतात, इनेप्टने हलणारे. तोच नमुना, तोच दिवस, दोन स्पेक्ट्रम, आणि थायलॅकॉइडमध्येच प्रथिन व मेद यांपैकी कोण किती सैल आहे ते कळतं. प्रथिन शुद्ध करून डिटर्जंटमध्ये न काढता, जिथे आहे तिथेच. मला विचाराल तर घन अवस्थेतल्या एनएमआरची खरी ताकद या न-शुद्धीकरणात आहे.

प्रश्न रंगद्रव्याचा असेल तर सगळं प्रथिन लेबल करू नका. डेल्टा-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल, प्रयोगशाळेतलं एएलए, हा क्लोरोफिलच्या कड्याचा कच्चा माल आहे. एका कड्याला त्याचे आठ रेणू लागतात. एएलएच्या चौथ्या कार्बनवर खूण असेल तर कड्यातल्या ठरावीक आठ जागा उजळतात. पाचव्यावर असेल तर मिथाइन पूल आणि पायरोलचे काही कार्बन, म्हणजे वेगळ्या आठ. दोन्ही संच मिळून कड्याचा बराचसा सांगाडा झाकतो. फायटॉलची शेपटी यातून लेबल होत नाही, आणि प्रथिन तर जवळजवळ अंधारातच राहतं. हे आपल्या पथ्यावरच पडतं. जिवाणू स्वतःचं एएलएही बनवत असतो, त्यामुळे लेबल शंभर टक्के कधीच शिरत नाही. किती शिरलं ते रंगद्रव्य काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर आधी पाहून घ्या. यावर एक सकाळ गेली तरी पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

रंगद्रव्यावरच्या एनएमआरने स्फटिकशास्त्राला कुठे मागे टाकलं असेल तर क्लोरोसोममध्ये. हरित गंधक जिवाणूंच्या या पिशवीत जिवाणू-क्लोरोफिलचे लाखो रेणू प्रथिनाच्या आधाराशिवाय आपले आपण रचलेले असतात (म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे प्रथिन नव्हेच). निरनिराळ्या मिथाइल गटांची सरमिसळ असल्याने स्फटिक अशक्य. २००९ मध्ये एका गटाने आधी जनुकं बदलून ही सरमिसळ काढून टाकली, मग क्लोरोबॅक्युलम टेपिडमच्या त्या उत्परिवर्तित वाणावर घन एनएमआर आणि क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी एकत्र वापरली. शेजारच्या कड्याच्या वलयी विद्युतप्रवाहामुळे प्रत्येक अणूचा सिग्नल किती सरकतो यावरून रेणू सिन-अँटी (दोन वेगळ्या ठेवणींत) असे आळीपाळीने रचलेले आहेत हे कळलं, आणि मायक्रोस्कोपने नळ्यांमधलं अंतर दिलं. दोन्हींपैकी एकावर भागलं नसतं.

आता उजेड. ४.७ टेस्लाच्या चुंबकात, म्हणजे प्रोटॉनच्या २०० मेगाहर्ट्झला, खोलीच्या तापमानावर कार्बन-१३ च्या दहा लाख केंद्रकांमागे जेमतेम चार केंद्रकांचा फरक आपल्याला सिग्नल देतो. बाकीची एकमेकांना कापून टाकतात. एनएमआर मंद का, याचं मूळ या चारात आहे. १९९४ मध्ये झिस्मिलिच आणि मॅकडरमॉट यांनी जांभळ्या जिवाणूच्या अभिक्रिया केंद्रावर रोटर फिरत असतानाच उजेड पाडला आणि नायट्रोजन-१५ चे सिग्नल एकदम वाढलेले दिसले. या परिणामाचं नाव फोटो-सिडनिप. पुढे मॅटिसिक, येश्के, दे ग्रोट आणि सहकाऱ्यांनी ते कार्बनवर नेलं आणि ४.७ टेस्लावर वाढ दहा हजारपटीच्या घरात पोचली.

हे का होतं? उजेड पडला की विशेष जोडीतून (गाभ्यातल्या दोन क्लोरोफिलच्या जोडीतून) एक इलेक्ट्रॉन उडून शेजारच्या फिओफायटिनवर (मॅग्नेशियम नसलेल्या क्लोरोफिलवर) जातो आणि दोन मूलकांची (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंची) जोडी तयार होते. एरवी तो इलेक्ट्रॉन दोनशे पिकोसेकंदांत क्विनोन या पुढच्या वाहकावर निघून जातो. क्विनोन काढून टाकलं किंवा आधीच क्षपित केलं तर इलेक्ट्रॉनला पुढे वाट नाही. जोडी दहा-वीस नॅनोसेकंद टिकते. तेवढ्या वेळात ती सिंग्लेट (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन विरुद्ध) आणि ट्रिप्लेट (स्पिन समांतर) अशा दोन अवस्थांत हेलकावते, आणि हेलकाव्याची गती जवळच्या केंद्रकाचा स्पिन वर आहे की खाली यावरही ठरते. सिंग्लेटची वाट वेगळी, ट्रिप्लेटची वेगळी. परिणामी केंद्रकं स्पिननुसार चाळली जातात. महत्त्वाचं हे की ज्या अणूवर इलेक्ट्रॉनची घनता जास्त, त्याचा सिग्नल जास्त वाढतो. म्हणजे उजेडातला स्पेक्ट्रम हा इलेक्ट्रॉन कुठे होता याचा नकाशाच असतो. प्रथिनाचा बाकी सगळा गोंगाट मागे पडतो.

ही यंत्रणा चुंबकीय क्षेत्र वाढलं की मंदावते. ४.७ टेस्लावर प्रचंड असलेली वाढ ९.४ वर बरीच उतरते आणि १७-१८ टेस्लावर फारच कमी उरते. म्हणून वर म्हटलं, की हा प्रयोग २०० मेगाहर्ट्झवर करा. अडगळीत टाकायला निघालेल्या चुंबकाला मिळणारा इतका चांगला उपयोग दुसरा मला माहीत नाही.

नमुना भरण्याचं काम जवळून सांगतो, कारण लेखांमध्ये ते दोन ओळींत उरकलेलं असतं. रोटर नेहमीचा झिर्कोनियाचा चालत नाही, त्यातून उजेड नीट जात नाही. पारदर्शक नीलमण्याचा लागतो. क्विनोन क्षपित करायला डायथायोनाइट घालायचं ते ताजं, ऑक्सिजन नसलेल्या बफरमध्ये, मंद हिरव्या उजेडात. रोटर आत गेल्यावर तो ४०० हर्ट्झसारख्या कमी वेगाने फिरवत हळूहळू गोठवायचा. असं केल्याने नमुना भिंतीवर सारख्या जाडीने पसरतो. नमुना गर्द रंगाचा असल्याने उजेड फक्त वरच्या थरात शिरतो, तेव्हा हा पातळ थर फार महत्त्वाचा. शिवाय गोठताना वजन एका बाजूला गेलं तर पूर्ण वेगाला रोटर थरथरतो. तापमान २२० ते २४० केल्विनवर आलं की वेग ८ किलोहर्ट्झपर्यंत न्यायचा, आणि मगच झेनॉन दिव्याचा उजेड काचतंतूतून कॉइलवर सोडायचा. आधी अंधारातला स्पेक्ट्रम, मग उजेडातला. अंधारात सपाट रेषा आणि दिवा लावताच खाली तोंड करून उभे राहिलेले सिग्नल हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस या जांभळ्या जिवाणूच्या वन्य वाणात ४.७ टेस्लावर सिग्नल उलटेच येतात. कॅरोटिनॉइड नसलेल्या आर-२६ वाणात काही सुलटे, काही उलटे, कारण तिथे ट्रिप्लेट जास्त काळ जगतं आणि तेही आपला वाटा उचलतं.

२००० मध्ये याच तंत्राने फोटोसिस्टिम-२ च्या पी-६८० या विशेष क्लोरोफिलच्या मूलकात इलेक्ट्रॉनची घनता कमालीची असममित असल्याचं दिसलं. पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेण्याइतकी ताकद त्याला कुठून येते, या चर्चेत तो निकाल अजून उद्धृत होतो. जिवाणूंमध्ये तर अखंड पेशींवरही हे प्रयोग जमलेत. शुद्धीकरणाची गरज नाही, पेशीतली बाकीची लाखो प्रथिनं उजेडाला प्रतिसादच देत नाहीत.

फोटोसिस्टिम-२ मध्ये पाणी फोडणाऱ्या मँगनीजच्या गुच्छासाठी मात्र एनएमआरकडे येऊ नका. चार मँगनीजवरचे एकटे इलेक्ट्रॉन आसपासचे सिग्नल पुसून टाकतात. ते काम ईपीआरचं (एकट्या इलेक्ट्रॉनचे सिग्नल मोजणाऱ्या तंत्राचं). एस-२ अवस्थेचा (पाणी फोडण्याच्या चक्रातल्या एका टप्प्याचा) बहुरेषी सिग्नल १९८१ पासून ईपीआरवाल्यांकडे आहे. आडवाटेने एक प्रयत्न झाला होता: १९७५ मध्ये विड्झिन्स्की, गोविंदजी आणि सहकाऱ्यांनी पालकाच्या हरितलवकांतल्या पाण्याच्या प्रोटॉनचा शिथिलन-वेग मोजून मँगनीजची अवस्था ताडायचा मार्ग शोधला. कल्पक काम, पण अणूची जागा त्यातून कळत नाही.

दोन खबरदाऱ्या, कारण यावरून वाद झालेले पाहिलेत. शोषण-स्पेक्ट्रम रोटरमध्ये घालण्यापूर्वी आणि काढल्यावर घ्या. जिवाणूच्या अभिक्रिया केंद्राचे ८६५, ८०२ आणि ७५७ नॅनोमीटरचे तीन उंचवटे आधी होते तसे नंतरही हवेत. ८६५ चा खचला असेल आणि ७६० च्या बाजूला फुगवटा आला असेल तर तुम्ही रात्रभर मोडकं प्रथिन मोजलंत. दुसरी खबरदारी शून्याची, म्हणजे सिग्नलची जागा कुठून मोजायची त्याची. अ‍ॅडमँटेनचा सीएच-२ सिग्नल टीएमएस या प्रमाण-रसायनाच्या मापाने ३८.४८ पीपीएमवर (पीपीएम हे सिग्नलच्या जागेचं एकक) धरतात, डीएसएसच्या मापाने ४०.४८ वर. तुमचं एक माप, जुन्या लेखाचं दुसरं, आणि तुम्ही दोन पीपीएमच्या फरकावरून प्रथिनाने क्लोरोफिलची इलेक्ट्रॉनरचना बदलली असं लिहिणार! कोणतं माप वापरलं ते पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा.

तुमच्या हातातल्या नमुन्याबद्दल. अखंड फोटोसिस्टिम-२ वर लगेच दिवा लावू नका: क्विनोन जागेवर आहे आणि ३५ क्लोरोफिलपैकी बहुतेक नुसती अँटेना आहेत. त्यातून डी-१, डी-२ आणि सायटोक्रोम बी-५५९ एवढंच ठेवणारं छोटं अभिक्रिया केंद्र वेगळं करा. त्यात साधारण सहा क्लोरोफिल आणि दोन फिओफायटिन उरतात, आणि क्विनोन शुद्धीकरणातच गळून जातं, म्हणजे मूलक जोडी आपोआप अडते. हे संकुल नाजूक असतं. उजेड आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की थोड्याच वेळात खराब होतं, तेव्हा सगळं अंधारात, थंड आणि ऑक्सिजनविना. पहिला प्रयोग लेबल न लावताच करा. वाढ इतकी मोठी असते की नैसर्गिक कार्बन-१३ वरही सिग्नल उभे राहतात, निदान १२० ते १६० पीपीएमच्या पट्ट्यात काहीतरी दिसलंच पाहिजे. दिसलं, तर मग सिनेकोसिस्टिसला लेबल केलेलं एएलए द्या. दिसलं नाही, तर एएलए मागवण्याआधी दिव्याचा उजेड कॉइलपर्यंत खरंच पोचतोय का ते पाहा. बहुतेक वेळा काचतंतूचं टोकच एखादा मिलिमीटर सरकलेलं असतं.